डाय 'टारू' जोन्सची कारकीर्द १९०७ मध्ये संपली नव्हती

२०२५ च्या जूनमध्ये वेल्सच्या बिली बॉस्टनला नाइटहूड मिळाली. रग्बी लीगच्या (हौशी 'रग्बी युनियन'मधून १८९५ मध्ये फुटून निघालेली, खेळाडूंना पैसे देणारी रग्बी) खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळाला, लीग सुरू झाल्यावर तब्बल १३० वर्षांनी, आणि तेव्हापासून वेल्समधले जे खेळाडू पैसे घेऊन युनियनमधून लीगमध्ये गेले त्यांच्याबद्दलचा जुना वाद परत निघालाय. आपल्याकडे रग्बी मन लावून बघणारे लोक मोजकेच, पण त्यांच्यातही लगेच दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, पैसा दिसला आणि वेल्सची लाल जर्सी टाकली, मग आता मान कसला मागता. दुसरा तट म्हणतो, अहो गरीब होते, खाणीत मरण्यापेक्षा चार पौंड जास्त कमावले तर काय बिघडलं. मला दोन्हीही पटत नाही, आणि दुसरं तर जास्तच खटकतं, कारण सहानुभूती दाखवता दाखवता ते पहिल्याचंच म्हणणं मान्य करून बसतं की गुन्हा झालाच होता, आता तो पोटात घाला. माझं म्हणणं आहे की पोटात घालण्यासारखं काही झालंच नव्हतं. खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत हा हौशी रग्बीचा जो पवित्र नियम म्हणून सांगितला जातो तो खेळाचा कमी आणि मजुरीचा जास्त होता, कोणाचा बुडालेला रोज भरून द्यायचा आणि कोणाचा नाही हे ठरवणारा, आणि हे एकदा दिसलं की टारू जोन्ससारख्या या माणसांच्या कारकिर्दीचे 'आधीचा हिरो' आणि 'नंतरचा बिघडलेला' असे दोन तुकडे करणं बंद करावंच लागतं.

बॉस्टनच्या गोष्टीत त्वचेचा रंगही आहे, कार्डिफच्या टायगर बे मधला पोरगा, पुढे कारकिर्दीत ५७१ ट्राय (समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे बॉल टेकवून मिळवलेले गुण) मारणारा, आणि तरी युनियनच्या वेल्सकडून एकदाही न खेळलेला, त्यामुळे तिथे भांडण वेगळ्या अंगानेही जातं. मुळाशी जायचं तर अजून अर्धशतक मागे जाऊन डाय जोन्सकडे बघायला हवं. टोपणनाव 'टारू', वेल्श भाषेत वळू. जन्म १८८१ चा, ॲबरडेअरचा, कोळशाच्या खोऱ्यातला, सहा फुटांच्या वर उंची, स्क्रममध्ये उभा राहिला की समोरच्याला भिंत दिसावी असा फॉरवर्ड. त्याची पहिली कॅप, म्हणजे देशाकडून खेळलेली मॅच, १९०२ ची, इंग्लंडविरुद्ध ब्लॅकहीथला, वेल्स ९-८ ने जिंकलं. त्या वर्षीचा आणि १९०५ चा ट्रिपल क्राउन (इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड तिघांनाही हरवण्याचा मान) जिंकणाऱ्या संघात तो होता. १६ डिसेंबर १९०५ ला कार्डिफ आर्म्स पार्कवर न्यूझीलंडला ३-० हरवणाऱ्या पंधरांतही तो होता, ज्या मॅचबद्दल वेल्समध्ये आजही असं बोलतात की जणू गेल्या आठवड्यात झाली, वेल्सच्या टेडी मॉर्गनची ट्राय, न्यूझीलंडच्या बॉब डीन्सने रेषेपलीकडे बॉल टेकवला की नाही याचं भांडण, आणि न्यूझीलंडच्या हाकाला (मॅचआधीच्या माओरी नाचाला) उत्तर म्हणून सगळ्या मैदानाने म्हटलेलं गाणं. त्या अख्ख्या दौऱ्यात न्यूझीलंड तेवढी एकच मॅच हरलं. जोन्सच्या एकूण कॅप १३, शेवटची डिसेंबर १९०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध स्वान्झीला. १९०७ मध्ये ॲबरडेअर क्लबच्या पैशांच्या व्यवहारांची चौकशी झाली आणि वेल्श रग्बी युनियनने काही जणांवर कायमची बंदी घातली, त्यात टारू जोन्स एक. बहुतेक लोक त्याची गोष्ट इथेच संपवतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच वर्षी तो मर्थर टिडफिलच्या नॉर्दर्न युनियन क्लबकडून खेळायला लागला (नॉर्दर्न युनियन म्हणजेच पुढची रग्बी लीग), आणि १ जानेवारी १९०८ ला ॲबरडेअरच्या मैदानावर, म्हणजे आपल्याच गावात, वेल्सकडून न्यूझीलंडच्या व्यावसायिक संघाविरुद्ध उतरला. न्यूझीलंडच्या बास्करविलने जमवलेल्या त्या संघाला लोक ऑल गोल्ड्स म्हणायचे, त्यात १९०५ च्या दौऱ्यावर येऊन गेलेले काही जण होते आणि सिडनीहून घेतलेला ऑस्ट्रेलियाचा खेळाडू डॅली मेसेंजरही. वेल्स जिंकलं, पुन्हा ९-८. निर्णायक ट्राय जोन्सची. न्यूझीलंडला दोन्ही प्रकारच्या रग्बीत हरवणारा माणूस, दोन्ही वेळा वेल्ससाठी, सव्वादोन वर्षांच्या आत. यातली एक मॅच काचेच्या कपाटात आणि दुसरी तळटीपेत, असं का?

'पैशासाठी देश सोडला' हे वाक्य जरा नकाशावर ठेवून बघा. ॲबरडेअर आणि मर्थर ही शेजारशेजारची खोरी आहेत, मधे एक डोंगर. जोन्स उत्तर इंग्लंडमध्ये, विगनला गेला नाही, लीड्सला गेला नाही, डोंगराच्या पलीकडे गेला. आपली ग्लॅमॉर्गन काउंटी सुद्धा सुटली नाही. 'उत्तरेला गेला', म्हणजे पैशासाठी लीगकडे गेला, हा शिक्का इतका सवयीचा झालाय की जो गेलाच नाही त्याच्यावरही तो बसतो. आणि मग प्रश्न पडतो की चिडचीड नक्की कशाची होती, माणूस गाव सोडून गेला याची, की गावातच राहून उघडपणे पैसे घेऊन खेळायला लागला याची?

आता मूळ नियमाकडे येऊ, कारण 'खेळावर प्रेम विरुद्ध पैसा' असं मांडलं की प्रेम जिंकणारच, कोण पैशाच्या बाजूने हात वर करेल? गिरणगावातल्या घरात वाढलेल्यांना खाडा म्हणजे काय हे सांगायला नको. पाळीला गेला नाहीस, त्या दिवसाचा पगार नाही. ब्रिटनच्या खाणी, गिरण्या, गोद्या यांत हाच हिशोब होता आणि शनिवारी अर्धा दिवस काम असायचं, मॅच शनिवारी दुपारी. लांबच्या गावी मॅच म्हणजे सकाळची पाळी गेली, एडिंबरा किंवा डब्लिन म्हणजे एकाहून जास्त दिवस गेले. वकिलाला, डॉक्टरला, कारखानदाराच्या मुलाला हा खाडा कधी लागतच नव्हता. यॉर्कशरच्या जेम्स मिलरने सप्टेंबर १८९३ मध्ये रग्बी युनियनच्या लंडनच्या सभेत काय मागितलं होतं? पगार नाही. बक्षीस नाही. बुडालेल्या रोजाची प्रामाणिक भरपाई द्यायला परवानगी, एवढंच. ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ ला, इंग्लंडच्या उत्तरेतले वीसेक क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि वेगळे झाले, आणि त्यांनी ठरवलेली भरपाई होती दिवसाला सहा शिलिंग. खेळाची फाळणी सहा शिलिंगांवर झाली. युनियनला गाडीभाडं चालत होतं, हॉटेलचा खर्च चालत होता, म्हणजे प्रवासात खर्च झालेला पैसा परत देता येत होता, पण त्याच प्रवासात बुडालेला पैसा परत देता येत नव्हता. या दोन्हींत नैतिक फरक काय आहे ते मला कोणीतरी समजावून सांगा. मला एकच फरक दिसतो, पहिला खर्च सगळ्यांना होता, दुसरा फक्त कामगारांना.

आणि हे १८९५ साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी क्रिकेटमध्ये डब्ल्यू. जी. ग्रेससाठी देशभरातून निधी गोळा झाला, एकूण ९,००० पौंडांच्या वर. ग्रेस कागदोपत्री शेवटपर्यंत हौशी. कोणी त्याला 'व्यावसायिक' म्हणून बाजूला बसवलं नाही, कारण तो जंटलमन होता आणि जंटलमनला मिळते ती भेट असते, कामगाराला मिळते ती मजुरी. खेळ वेगळा आहे हे कबूल, नियमही वेगळे, पण हौशी हा शब्द तोच आणि तो वापरणारी माणसं बऱ्याचदा तीच.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, आणि मला ते पडेल म्हणून उडवायचे नाहीत, काही खरंच जड आहेत. पहिला, नियम माहीत होता. चांगला की वाईट, होता, आणि जोन्सने तो माहीत असून मोडला, नियम पटत नाही तर बाहेर पड, आत राहून हळूच पाकीट घ्यायचं हा अप्रामाणिकपणा. शिवाय ॲबरडेअरच्या त्या चौकशीत मॅचचा निकाल आधीच ठरवून घेतल्याचेही आरोप झाले, आणि ते प्रकरण कुठल्याही काळात, कुठल्याही खेळात गंभीरच. हे मान्य. पण बघा, निकाल विकणं आणि खाडा भरून घेणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, एकात प्रेक्षकाची फसवणूक आहे, दुसऱ्यात कोणाचीच नाही, आणि ज्या नियमाने दोन्ही एकाच वहीत एकाच रकान्यात लिहिले त्या नियमानेच खरा गुन्हा झाकला. सगळंच लपूनछपून करायचं ठरलं की कोणत्या पाकिटात मजुरी आहे आणि कोणत्यात लाच हे कोण तपासणार? उघड पावतीवर पैसे दिले गेले असते तर दुसऱ्या प्रकारचं पाकीट लगेच उठून दिसलं असतं.

आणि 'नियम तो नियम' असं म्हणणाऱ्यांनी आर्थर गूल्डकडे बघावं. गूल्ड हा १८९० च्या दशकातला वेल्सचा सगळ्यात मोठा हिरो, न्यूपोर्टचा, कॅप्टन, देखणा, घरोघरी माहीत. निवृत्तीच्या सुमारास लोकांनी वर्गणी काढली, वेल्श रग्बी युनियनने त्यात पैसे घातले, आणि १८९७ मध्ये त्याला न्यूपोर्टमध्ये एक घर भेट मिळालं. घर! रग्बी युनियनचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय बोर्डाने हे व्यावसायिकपणाचं लक्षण ठरवलं, तर वेल्स बोर्डातूनच बाहेर पडलं, आणि पुढे १८९८ मध्ये तडजोड झाली, गूल्डने परत आंतरराष्ट्रीय मॅच खेळायची नाही आणि घर त्याच्याकडेच राहू दे. इंग्लंडने हे का चालवून घेतलं? वेल्स नॉर्दर्न युनियनकडे गेलं तर काय, ही भीती होती, आणि वेल्श क्लबांबरोबरच्या मॅचना होणारी गर्दी गेली तर इंग्लंडच्या पश्चिमेकडचे क्लब कसे चालणार हाही विचार होताच. म्हणजे पैशामुळेच पैशाच्या नियमाला अपवाद झाला. मला गूल्डला मिळालेल्या घराचा राग नाही, उलट आनंद आहे, वेल्सने तेव्हा आपल्या माणसासाठी ताठ उभं राहून दाखवलं. पण दहा वर्षांनी तीच युनियन खाणवाल्या फॉरवर्डसाठी का उभी राहिली नाही?

स्वान्झीच्या जेम्स बंधूंचं उदाहरण तर अजून बोलकं. डेव्हिड आणि इव्हान, दोघे हाफबॅक, तांब्याच्या कारखान्यात राबणारे, १८९२ मध्ये लँकशरच्या ब्रॉटन रेंजर्सकडे गेले, व्यावसायिक ठरले, बाहेर. चार वर्षांनी, १८९६ मध्ये, त्यांना परत घेतलं. जानेवारी १८९९ मध्ये ते स्वान्झीला इंग्लंडविरुद्ध वेल्सकडून खेळले, वेल्स २६-३ जिंकलं, आणि थोड्याच दिवसांत भाऊ परत ब्रॉटनला, यावेळी कायमचे. म्हणजे बंदी उठवता येत होती, वेल्सला चांगले हाफबॅक हवे होते तेव्हा उठवली गेली. नियम पक्का नव्हता, गरजेप्रमाणे वाकत होता, आणि तो कोणासाठी वाकणार हे समितीच्या खोलीत ठरत होतं.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. वेल्सची रग्बी इंग्लंडसारखी नव्हती. इंग्लंडमध्ये खेळ वर्गांत फाटला, वेल्समध्ये एकाच पंधरांत सगळे होते. १९०५ चा संघ घ्या, टेडी मॉर्गन डॉक्टरी शिकलेला, कॅप्टन ग्विन निकल्स धंदेवाला, डिकी ओवेन पोलाद कारखान्यातला, जोन्स खाणीचा. एका छोट्या देशाला यातून आपण एक आहोत असं वाटायला लागलं, आणि ही गोष्ट पैशात मोजता येत नाही. उघड व्यावसायिकपणा आला असता तर उत्तरेच्या श्रीमंत क्लबांनी एकेक करून खेळाडू उचलले असते आणि हे सगळं विस्कटलं असतं, म्हणून युनियनने एक डोळा बंद ठेवला, क्लबांनी काय ते हळूच द्यावं, आम्ही विचारणार नाही. यात शहाणपण होतं हे मी मान्य करतो. पण याचा अर्थ काय होतो ते बघा ना. तो एकोपा हौशीपणामुळे टिकला नव्हता, हौशीपणा चोरून मोडल्यामुळे टिकला होता. खाणवाला त्या संघात होता कारण कोणीतरी, कुठेतरी, त्याचा खाडा भरून देत होतं. मग त्या एकोप्याचं श्रेय नियमाला कसं देता? आणि ज्याच्याकडे डोळा बंद ठेवायचा अधिकार असतो त्याच्याकडे हवा तेव्हा उघडायचाही असतो. १९०७ मध्ये तो का उघडला? त्याच वर्षी मर्थर टिडफिल आणि एबू व्हेल हे क्लब नॉर्दर्न युनियनमध्ये सामील झाले, पहिल्यांदा ही गोष्ट वेल्सच्या कोळसा खोऱ्यांत घरात आली. पुढच्या वर्षी ॲबरडेअर, बॅरी, मिड-रॉन्डा, ट्रेहर्बर्ट. खोऱ्यातला फॉरवर्ड अचानक 'भ्रष्ट' झाला नव्हता, त्याच्यापुढे पहिल्यांदा घराजवळ दुसरा पर्याय आला होता, आणि ज्याला पर्याय आहे त्याला धाक दाखवावा लागतो असं युनियनला वाटलं असणार. माझा हा अंदाज आहे, पण वर्षं बघता दुसरं कारण मला सुचत नाही.

तिसरा मुद्दा, पैसा आला आणि पुढे काय झालं? ते सगळे वेल्श व्यावसायिक क्लब १९१२ पर्यंत बंद पडले, एबू व्हेल सगळ्यात शेवटी. जोन्सचा मर्थरही गेला. याचा अर्थ लोकांना ती रग्बी नको होती, असं काही जण म्हणतात. क्लब बुडाले हे खरंच आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मॅचसाठी यॉर्कशर-लँकशरपर्यंत जायचं, त्याचा खर्च, फुटबॉल खोऱ्यांत जोरात आलेला, आणि शेजारी युनियनचे जुने क्लब. पण एखादा धंदा चालला नाही म्हणून त्यात काम करणाऱ्याने मजुरी मागितली हे चूक ठरतं का? खाणीही नंतर बंद पडल्या. म्हणून खाणीतल्या माणसाने पगार घ्यायला नको होता असं कोणी म्हणेल का?

'दोन वेगळे खेळ आहेत, रेकॉर्ड एकत्र कसे करणार' हाही प्रश्न येतो आणि आजच्या लीग-युनियनकडे बघितलं तर तो रास्त वाटतो. पण १९०८ मध्ये तेरा खेळाडूंचा नियम येऊन दोनही वर्षं झाली नव्हती, त्याआधी दोघेही पंधराच खेळायचे, माणसं तीच, गावं तीच, बॉल तोच. आणि गरज पडली तेव्हा हे दोन खेळ एका मैदानात आलेच की. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या युनियनने सैन्यात असलेल्या नॉर्दर्न युनियनवाल्यांना सैन्याच्या संघांतून खेळायची मुभा दिली. दुसऱ्या महायुद्धात तर कार्डिफचा गस रिझमन, आयुष्यभर लीगवाला, वेल्सकडून सैन्याच्या युनियन मॅच खेळला. १९४३ आणि १९४४ मध्ये लीगवाले आणि युनियनवाले सैनिक समोरासमोर खेळले, दोन्हीदा युनियनच्याच नियमांनी, आणि दोन्हीदा लीगवाले जिंकले. आकाश कोसळलं नाही. युद्ध संपलं आणि दार परत लावून घेतलं. जोन्स स्वतः वेल्श गार्ड्समध्ये भरती झाला, १९१६ मध्ये सोमला जखमी झाला, आणि १९३३ मध्ये गेला. तो युद्धात जखमी झाला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं की तू हौशी की व्यावसायिक, हे जरा भावनिक वाटेल, वाटू दे, खरं आहे.

ऑगस्ट १९९५ मध्ये, जॉर्ज हॉटेलच्या सभेला शंभर वर्षं होता होता, आंतरराष्ट्रीय बोर्डाने युनियन सगळ्यांना खुली केली, पैसे घ्या, उघडपणे घ्या. त्या निर्णयात पुढे असलेला व्हर्नन प्यू हा वेल्शच होता. जे १९०७ मध्ये कायमच्या बंदीचं कारण होतं ते एका दुपारीत करार झालं. आता काही जण म्हणतील की आजच्या चष्म्यातून तेव्हाच्या लोकांना का मोजता. पण आजचा चष्मा लागतच नाही. १८९३ मध्ये त्या सभेत १३६ मतं पडली होती. तेव्हाच्या माणसांना, तेव्हाच, दिसत होतं.

म्हणून 'बिचारा' पण नको. बिचारा म्हटलं की ॲबरडेअरची ती मॅच गायब होते, राहतो फक्त शिक्षा झालेला माणूस, आणि आपण त्याच्यावर दया दाखवून मोकळे. जोन्स दयेसाठी खेळत नव्हता. बंदी घातली तर तो डोंगर ओलांडून गेला, नवे नियम शिकला आणि परत येऊन त्याच न्यूझीलंडला हरवलं. कार्डिफ बे मध्ये २०२३ ला बॉस्टन, रिझमन आणि क्लाइव्ह सुलिव्हन यांचा पुतळा उभा राहिला, तीन लीगवाले, युनियनच्या राजधानीत. सुलिव्हन १९७२ चा वर्ल्ड कप जिंकणारा ग्रेट ब्रिटनचा कॅप्टन. चांगलं झालं, फार उशिरा झालं. पण पुतळ्यापेक्षा मला एक साधी गोष्ट जास्त हवीय, यापुढे कोणीही टारू जोन्सबद्दल लिहील, कुठेही, चार ओळी का असेनात, तर १३ कॅप आणि १९०५ चे ३-० सांगून '१९०७ मध्ये बंदी' वर पूर्णविराम देऊ नये. स्वल्पविराम द्यावा आणि पुढे लिहावं, १ जानेवारी १९०८, ॲबरडेअर, वेल्स ९, न्यूझीलंड ८, निर्णायक ट्राय जोन्स.